जोड लावणारा पंच आणि अस्तंभ्याचा डोंगर

खान्देशातल्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरते, तेव्हा सगळ्यात जोखमीचं काम पंचांकडे असतं: जोड लावणं. वजन, वय, तयारी बघून दोन पोरं समोरासमोर सोडायची. जोड चुकली की कुस्ती क्षणात निकाली निघते आणि बघ्यांचा ओरडा सुरू होतो. याच मुलखात, धडगाव तालुक्यात, अस्तंभ्याचा डोंगर आहे. दिवाळीच्या दिवसांत भाविक तो चढतात. चढणारा नवखा आहे की दरवर्षीचा, याने डोंगराची उंची बदलत नाही. ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिकडे भटकायचे, फॅन्टसी गेम सुरुवातीपासून या दोन टोकांमध्ये हेलकावे खात आले आहेत. काहींनी जोड लावली, म्हणजे शत्रू खेळणाऱ्याच्या तोलाचे केले; काहींनी डोंगर उभा केला, म्हणजे शत्रू आहेत तसेच ठेवले.

शत्रूंनी आपल्याबरोबर वाढावं की नाही, यावर खेळणाऱ्यांत अजून भांडणं होतात. त्यात एक प्रश्न मागे राहतो: लेव्हल, म्हणजे आपल्या पात्राची पायरी सांगणारा आकडा, नेमकं काय मोजतो? तो लढण्याची ताकद मोजत नसेल आणि शत्रू मात्र त्याच आकड्यावर वाढत असतील, तर गेम हमखास बिघडतो. पुढची सगळी कहाणी या एका गाठीची आहे.

लेव्हल, एक्सपी (अनुभवाचे गुण), हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचं माप) ही भाषा १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या गेमने रुळवली. लढवय्याला दुसऱ्या लेव्हलसाठी २,००० एक्सपी लागत, जादूगाराला २,५००. हे एक्सपी मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्यावर मिळत, राक्षस मारण्यावर कमी. भुयाराचा मजला जितका खोल, तितके राक्षस मोठे आणि खजिनाही मोठा. किती खोल उतरायचं हे खेळणारा ठरवी. म्हणजे जोड तोच लावे, पंचाची गरजच नव्हती. १९७८ च्या रूनक्वेस्टने दुसरी वाट काढली. तिथे लेव्हल नाही, जे कौशल्य वापराल तेच वाढेल. तलवार चालवून तलवार, कुलपं उघडून कुलपं.

एल्डर स्क्रोल्स या व्हिडिओ गेमच्या मालिकेने हे दोन्ही धागे एकत्र विणले. डॅगरफॉलमध्ये (१९९६) स्किल, म्हणजे कौशल्य, वापराने वाढतं आणि ठरावीक स्किल्स वाढली की लेव्हल वाढते. मोरोविंडमध्ये (२००२) २७ स्किल्स होती, त्यांतली ५ मेजर (मुख्य) आणि ५ मायनर (दुय्यम). या दहांत मिळून १० वाढी झाल्या की विश्रांती घेऊन लेव्हल-अप. पण मोरोविंडचं जग बरंचसं हाताने मांडलेलं होतं. रानातली जनावरं लेव्हलनुसार बदलत, मात्र नाव असलेली माणसं आणि बऱ्याच किमती वस्तू जिथे ठेवल्या तिथेच असत. त्याच सुमारास जर्मनीतल्या गॉथिकने (२००१) तर स्केलिंगला, म्हणजे शत्रूंनी आपल्याबरोबर वाढण्याला, थाराच दिला नाही. दर लेव्हलला १० लर्निंग पॉइंट मिळत, आणि ते खर्चायला गुरू शोधावा लागे. चोपड्याहून उत्तरेला निघालं की केळीच्या बागा मागे पडतात, सातपुड्याचा चढ लागतो, तो पायांना आपोआप कळतो. गॉथिकमध्ये जंगलाच्या कडेला पाऊल टाकलं की तसंच कळायचं. मार खाऊन परत फिरायचं, चार लेव्हलनंतर पुन्हा यायचं.

मार्च २००६ मध्ये एल्डर स्क्रोल्स मालिकेतला ओब्लिव्हियन आला आणि पंच पूर्ण ताकदीने आखाड्यात उतरला. हेतू चांगला होता: कुठल्याही दिशेला जा, लढत बरोबरीची मिळेल. २१ स्किल्स, त्यांतली ७ मेजर. मेजरमध्ये १० वाढी झाल्या आणि झोप घेतली की लेव्हल-अप. गोची इथेच होती. ॲथलेटिक्स पळून वाढतं, ॲक्रोबॅटिक्स उड्या मारून, अल्केमी औषधं घोटून. ही मेजर म्हणून निवडली, तर तलवार न उपसता लेव्हल दहाच्या पुढे जाते. गेम फक्त आकडा बघतो आणि त्या आकड्याच्या तोलाचे शत्रू समोर सोडतो. पैलवानाचं वजन नुसतं जेवून वाढलंय, डाव त्याला एकही येत नाही, आणि पंचांनी जोड वजनावरच लावलीय, असा तो प्रकार.

त्यात ॲट्रिब्यूटचं, म्हणजे ताकद, चपळाई अशा मूळ गुणांचं, गणित. लेव्हल-अपला तीन ॲट्रिब्यूट निवडायची. त्या ॲट्रिब्यूटखालच्या स्किल्समध्ये १ ते ४ वाढी झाल्या असतील तर +२, ५ ते ७ ला +३, ८-९ ला +४, आणि १० झाल्या तरच +५. तीनही ठिकाणी +५ हवे असतील तर दर लेव्हलला ३० वाढी मोजून घडवायच्या. म्हणून लोक शेजारी वही घेऊन खेळत. त्यातही एन्ड्युरन्स (सोशिकपणा) आधी वाढवावा लागे, कारण दर लेव्हलला हेल्थ वाढते ती एन्ड्युरन्सच्या १० टक्के, आणि मागच्या लेव्हलची भरपाई नंतर होत नाही. १९ लेव्हल-अप एन्ड्युरन्स ४० वर अडकून काढले तर मिळतात ७६ पॉइंट, १०० वर असतं तर १९० मिळाले असते. वर काही शत्रूंची, उदाहरणार्थ गॉब्लिन वॉरलॉर्डची, हेल्थ लेव्हलबरोबर वाढतच राहते, तर आपलं स्किल १०० ला थांबतं. पुढे एकेका गॉब्लिनला मारायला मिनिटं जातात, ती त्यामुळे.

जगाची विश्वासार्हताही गेली. वाटमारी करणारा १०० नाणी मागतो आणि त्याच्या अंगावर हजारोंचं ग्लासचं चिलखत असतं. क्वाच शहराचा वेढा लवकर फोडायला गेलं तर समोर किरकोळ स्कॅम्प येतात. उशिरा गेलं तर त्याच जागी दांडगे डेड्रॉथ. म्हणून जाणते खेळणारे झोपच टाळत आणि अगदी खालच्या लेव्हलवर मुख्य कथा संपवत. वाढीवर उभ्या असलेल्या गेममध्ये न वाढणं फायद्याचं ठरलं, यापेक्षा मोठा दोष मला तरी दिसत नाही. उतारा आधी खेळणाऱ्यांनीच शोधला. ओस्क्युरोज ओब्लिव्हियन ओव्हरहॉल या मॉडने (चाहत्यांनी गेममध्ये केलेल्या बदलाने) बऱ्याच ठिकाणी डोंगर परत उभे केले.

हा खड्डा तसा नवा नव्हता. फायनल फॅन्टसी ८ मध्ये (१९९९) शत्रू गटाच्या सरासरी लेव्हलवर वाढत, आणि खरी ताकद मिळे जादू जंक्शन करून, म्हणजे आपल्या गुणांना जोडून. लेव्हल खाली ठेवून जंक्शन वाढवलं की गेम सोपा. आकडा एकीकडे, ताकद दुसरीकडे.

एल्डर स्क्रोल्सच्याच स्कायरिमने (२०११) ॲट्रिब्यूट काढून टाकली. दर लेव्हलला हेल्थ, मॅजिका (जादूची शक्ती) किंवा स्टॅमिनात (दमात) १० आणि एक पर्क (खास क्षमता). हिशेब असा: स्किल ज्या आकड्यावर पोचलं तेवढे पॉइंट मिळतात, आणि पुढच्या लेव्हलला (सध्याची लेव्हल + ३) गुणिले २५ लागतात. पहिल्या लेव्हलवर १००, पन्नासाव्यावर १,३२५. तिथे १५ चं स्किल १६ केलं तर जेमतेम १६ पॉइंट, म्हणजे हौसेने नवं काही शिकलं तर शत्रू लगेच अंगावर येत नाहीत. प्रदेशांना किमान आणि कमाल लेव्हल दिली. बऱ्याच गुहांची लेव्हल पहिल्या भेटीला ठरते. जायंट मात्र जिथल्या तिथे, नवख्याला एका फटक्यात आकाशात उडवणारा. तरी गळती राहिली. एक लोखंडी पट्टी आणि एक चामड्याची पट्टी घेऊन खंजीर घडवत बसलं की स्मिथिंग भराभर वाढे, लेव्हल वाढे, लढाई शून्य. २०१२ च्या पॅचने (दुरुस्तीने) स्मिथिंगची वाढ वस्तूच्या किमतीला जोडली.

गाठ सगळ्यात नीट सोडवली ती, माझ्या मते, ब्रेथ ऑफ द वाइल्डने (२०१७). तिथे नायकाला लेव्हलच नाही. गेम आतल्या आत मारलेल्या शत्रूंचे गुण मोजतो आणि त्यावर लाल शत्रूंच्या जागी निळे, काळे, मग चंदेरी आणतो. मिळणारी शस्त्रंही त्याच मापाने चढतात. घड्याळ लढाईनेच पुढे सरकतं, भाजी शिजवून किंवा डोंगर चढून नाही.

एल्डन रिंग (२०२२) सरळ अस्तंभ्याच्या बाजूचा. पण सगळा मुलूख पालथा घालून ताकदवान झालेल्यासमोर नवा भाग फिका पडतो. त्यावर २०२४ च्या शॅडो ऑफ द अर्डट्री या जोडभागात वेगळं माप आणलं: स्कॅड्युट्रीचे ५० तुकडे, आशीर्वादाच्या २० पायऱ्या, लागू फक्त त्या भूमीत. तिथे बॉस (मोठा शत्रू) दोन फटक्यांत लोळवत असेल, तर रून लेव्हलमागे (गेममधल्या नेहमीच्या लेव्हलमागे) लागण्याआधी तुकडे शोधावेत.

मोबाइलवर खेळणाऱ्यांना हा प्रश्न गेनशिन इम्पॅक्टमध्ये (२०२०) भेटतो. ॲडव्हेंचर रँक ही खेळणाऱ्याची पायरी क्वेस्ट (मोहिमा), रोजची कामं आणि पेट्या उघडून वाढते, आणि वर्ल्ड लेव्हल, म्हणजे जगातल्या शत्रूंची पातळी, तिला बांधलेली. ओब्लिव्हियनचीच गाठ. फरक एवढा की २५, ३५, ४५ आणि ५० रँकला परीक्षेची क्वेस्ट असते. ती पुढे ढकलता येते, आणि वर्ल्ड लेव्हल एका पायरीने खालीही घेता येते. अडकणारे बहुतेक एकाच कारणाने अडकतात: साहित्य दहा पात्रांत वाटलेलं असतं. चारच पात्रं धरावीत. त्यांची शस्त्रं आणि टॅलेंट आधी वर आणावेत, मग परीक्षा द्यावी.

एप्रिल २०२५ मध्ये ओब्लिव्हियन नव्या रूपात आला. वहीतलं गणित गेलं: दर लेव्हलला १२ गुण, तीन ॲट्रिब्यूटपर्यंत वाटायचे, एकात जास्तीत जास्त ५. मेजर नसलेली स्किल्सही लेव्हलला हातभार लावतात. शत्रू लेव्हलबरोबर वाढणं मात्र कायम आहे, त्यामुळे पहिल्या काही तासांत एक शस्त्र आणि एक चिलखत धरून ठेवणं आजही तितकंच गरजेचं आहे.