नडगीचं हाड जुळलं नाही? जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन करायचं तर आधी जुने कागद गोळा करा

अपघाताला आठ-नऊ महिने झाले. आत रॉड आहे, वरची जखम कधीच भरली, पण पाय टेकवला की नडगीत कळ येते आणि एक्स-रेत मोडलेल्या जागची काळी रेघ तशीच दिसते. पहिल्याच ऑपरेशनला उसनवारी झालेली असते, त्यात दुसरं सांगितलं की घर हादरतं. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी अशा वेळी सगळ्यात आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेकडे वळावं.

१ जुलै २०२४ पासून या योजनेत कार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. रेशनकार्ड, पेशंटचं आधारकार्ड आणि अपघाताची केस असेल तर पोलिसांकडची किंवा दवाखान्यातली एमएलसीची (अपघाताच्या पोलिस नोंदीची) कागदपत्रं, एवढं हाताशी ठेवा. कार्डावर पेशंटचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का, हे घरीच तपासा. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं इथे हमखास अडकतात.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात पेशंटला मदत करणारा योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, बसतो. भरती होण्याआधी त्याला भेटा. रुग्णालय योजनेत असलं तरी तिथला हाडांचा विभाग योजनेत आहेच असं नाही, म्हणून तेवढं स्पष्ट विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. डॉक्टर तपासून कागद ऑनलाइन पाठवतात आणि मंजुरी आली की ऑपरेशन होतं. योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरून बिल नंतर मागू असं ठरवलंत, तर ते पैसे परत मिळत नाहीत.

आता खरी गोष्ट जुन्या फाइलची. किती पेशंट एक्स-रे गुंडाळून, रबर लावून आणतात! ओल लागून फिल्म एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि तारखेचा कोपराच फाटलेला असतो. हाड जुळत नाही हे एका फोटोवरून ठरत नाही. ९ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत काहीच प्रगती नाही, हे दाखवायला तारखा असलेले ओळीने एक्स-रे लागतात. मंजुरी देणारा डॉक्टरही तेच बघतो.

ऑपरेशन कोणतं करायचं हेही त्यातूनच कळतं. नडगीच्या पुढच्या बाजूला मांस नाही, कातडीखाली थेट हाड, त्यामुळे रक्तपुरवठा मुळातच कमी. मोडलेल्या जागेभोवती नवीन हाडाचा गोळा दिसत असेल, तर हाडात जीव आहे पण जागा हलते आहे. मग बहुतेक वेळा जुना रॉड काढून जाड रॉड किंवा प्लेट बसवली की भागतं. टोकं निमुळती, सुकलेली असतील तर कमरेच्या हाडातून थोडं हाड काढून तिथे बसवावं लागतं, म्हणजेच कलम. पू असेल तर आधी सफाई. म्हणून सीबीसी, ईएसआर, सीआरपी हे रक्ताचे रिपोर्ट आणि पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड जोडा. त्या फाइलमध्ये रॉडच्या कंपनीचा आणि मापाचा स्टिकर असतो, तो जपा. रॉड काढायचं हत्यार कंपनीप्रमाणे बदलतं.

तंबाखू, मशेरी, बिडी डॉक्टरांपासून लपवू नका. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि चांगलं झालेलं ऑपरेशनही वाया जाऊ शकतं.

योजनेत बसलं नाही तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत हवं. दोन्हीकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आजच काढायला टाका.

हाडाचा तुकडा काढावा लागला तर डॉक्टर पायाला बाहेरून रिंग लावतात. सैबेरियातल्या कुर्गानचे डॉक्टर इलिझारोव यांची ही पद्धत. मधली रिकामी जागा नव्या हाडाने भरावी म्हणून हाड हळूहळू सरकवायचं: दिवसाला एक मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा, घरच्यांनीच रिंगचा नट फिरवायचा. हे काही महिने चालतं, आणि योजनेत डिस्चार्जनंतरची औषधं, तपासणी १० दिवसांपुरतीच. त्यामुळे ड्रेसिंगचा खर्च कोण करणार आणि रिंग काढण्याचं ऑपरेशन याच मंजुरीत येतं की नवी घ्यावी लागेल, हे आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारून घ्या.