पक्की झाक आणि फिरती झाक : ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट हिरवट का दिसते?

आजोबांच्या वर्षश्राद्धाआधी त्यांचा स्टुडिओतला एक जुना फोटो मी स्कॅन केला आणि घरच्या सहा शायांच्या इंकजेटवर त्याची आठ बाय दहाची प्रिंट काढली. रात्री ट्यूबलाइटखाली ती छान करडी दिसत होती. सकाळी खिडकीपाशी नेली तर टोपीच्या चुण्या हिरवट, शेवाळ धरल्यासारख्या. फोटोशॉपमध्ये हिरवा थोडा उतरवून दुसरी प्रिंट काढली. ती दिवसा बरी वाटली, पण संध्याकाळी दिवे लागले आणि आजोबा गुलाबी झाले. मग गुलाबी उतरवला. असे चार चांगले कागद गेल्यावर लक्षात आलं की मी एका दुखण्यावर दुसऱ्याचं औषध देत होतो.

रंगीत प्रिंटरवर काढलेल्या ब्लॅक अँड व्हाइट फोटोत रंग डोकावतो, त्याला आपण सरसकट ‘कास्ट आला’ म्हणतो. पण ही झाक दोन प्रकारची असते. एक प्रिंट कुठेही नेली तरी तशीच राहते, तिला मी पक्की झाक म्हणतो. दुसरी उजेड बदलला की बदलते, ती फिरती. एकाच जागी उभं राहून पाहिलं तर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

मुळात काळ्या-पांढऱ्या फोटोत रंगीत शाई येतेच कुठून? प्रिंटरमध्ये काळी शाई एकच असेल, तर उजळ भागात तिचे ठिपके विरळ पडतात आणि गालावर, आकाशावर बारीक रवा सांडल्यासारखे दिसतात. ते टाळायला प्रिंटर निळसर सायन, किरमिजी मॅजेंटा आणि पिवळी, शिवाय सायन-मॅजेंटाच्या फिक्या आवृत्त्या, अशा शाया मिसळून करडा रंग तयार करतो. म्हणजे आपल्याला जो राखाडी दिसतो तो तीन-चार रंगांनी एकमेकांना तोलून धरलेला असतो. लाल साडीत थोडं इकडेतिकडे झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, पण करड्या रंगात डोळा फार कडक परीक्षक आहे. रंग आकड्यांत मांडणाऱ्या ‘लॅब’ (Lab) मोजपट्टीवर ‘ए’ (हिरवा-लाल) आणि ‘बी’ (निळा-पिवळा) हे दोन्ही आकडे शून्य असले की रंग तटस्थ. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन करड्यांत एक-दोन अंकांचा फरकसुद्धा जाणवतो.

पक्की झाक म्हणजे हा तोल मुळातच चुकलेला. कारणं रोजच्या व्यवहारातली असतात. फोटोशॉपमध्ये कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर त्या शाया कशा उमटतात याची नोंद ठेवणारी फाइल) निवडलं आणि ड्रायव्हरमधली, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, रंगदुरुस्तीही चालूच राहिली, तर दुरुस्ती दोनदा होते. अशी प्रिंट बहुधा किरमिजी निघते. प्रोफाइल एका कागदाचं आणि ट्रेमध्ये कागद दुसरा, हेही नेहमीचं. टाकीत वेगळ्या कंपनीची शाई भरली असेल, तर मूळ प्रोफाइलला तिची ओळखच नसते. आणि फिक्या सायनचं एखादं नोझल, म्हणजे शाई सोडणारं बारीक छिद्र, तुंबलेलं असलं तर बाकी सगळं बरोबर असूनही चित्र लालसर होतं, म्हणून आधी नोझल चेक काढावा. ही सगळी कारणं शोधून दूर करता येतात. एक गोष्ट मात्र फसवते : बरेचदा गडद भागात हिरवट आणि उजळ भागात गुलाबी अशी उलटसुलट झाक असते. तिथे एक स्लायडर ओढून भागत नाही. त्या कागदाचं आणि त्या शाईचं नीट मोजून केलेलं प्रोफाइलच लागतं.

फिरत्या झाकेचं मूळ शाईच्या स्वभावात आहे, आणि मला हा भाग जास्त विलक्षण वाटतो. दिवसाच्या उजेडात सगळ्या तरंगलांबी सलग असतात. ट्यूबलाइटच्या उजेडात काही मोजक्या पट्ट्यांवर उंच सुळके असतात आणि मध्ये जवळजवळ रिकामं. पांढरा एलईडी म्हणजे बहुधा निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप, त्यामुळे त्याचा उजेड निराळाच. आपला मेंदू हे फरक झाकून टाकतो, त्यामुळे कोरा कागद तिन्हीकडे पांढरा वाटतो. पण सायन, मॅजेंटा आणि पिवळ्याचं मिश्रण सगळ्या तरंगलांबी सारख्या प्रमाणात परत पाठवत नाही, कुठे जास्त, कुठे कमी. एका उजेडात ते उंचवटे आणि खळगे एकमेकांना फेडून करडा बनतात, दुसऱ्या उजेडात हिशेब जुळत नाही. कार्बनच्या काळ्या शाईचं तसं नाही. ती जवळपास सगळीकडे सारखंच शोषते, म्हणून उजेड बदलला तरी फारशी हलत नाही.

याला लोक मेटॅमेरिझम म्हणतात. काटेकोर अर्थाने तो शब्द दोन वेगळ्या नमुन्यांसाठी आहे : एका उजेडात जुळणारे, दुसऱ्यात न जुळणारे. एकाच प्रिंटचा रंग बदलणं ही रंगाची अस्थिरता झाली. पण प्रिंट काढणाऱ्यांच्या बोलण्यात मेटॅमेरिझमच रुळला आहे.

एप्सनचा स्टायलस फोटो २०००पी हा २००० सालचा प्रिंटर याच दोषासाठी ओळखला गेला. पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली), टिकाऊ प्रिंट, पण दिवसाच्या उजेडात हिरवी. २००५ मध्ये त्याच कंपनीने के३ शाया आणल्या. त्यांत काळ्याच्याच तीन पायऱ्या होत्या : काळी, फिकी काळी आणि त्याहून फिकी. सोबत ड्रायव्हरमध्ये खास ब्लॅक अँड व्हाइट मोड आला. त्यात बहुतेक छटा या काळ्यांतूनच बनतात, आणि कार्बनची जात्याच असलेली तपकिरी ऊब मारण्यापुरती रंगीत शाई पडते. रंगीत शाई जितकी कमी, तितकी झाक फिरायला वाव कमी. आज कॅननच्या मोठ्या फोटो प्रिंटरांतही करड्या शाया असतात.

आता ओळखायचं कसं? शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत २१ पायऱ्यांची करडी पट्टी छापा. शाई डाय प्रकारची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, असेल तर एक दिवस वाळू द्या, कारण ओलसर असताना रंग थोडा सरकतो. मग ती पट्टी खिडकीपाशी, ट्यूबखाली आणि बल्बखाली पाहा. तिन्हीकडे सारखीच हिरवट असेल तर पक्की झाक. जागा बदलताच रंग बदलला तर फिरती. घरात जुनी, डार्करूममध्ये धुतलेली प्रिंट असेल तर ती शेजारी धरा. तिच्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. माझ्या हातातला आजोबांचा मूळ फोटो वयाने पिवळसर झाला होता, पण खिडकीपाशी आणि ट्यूबखाली सारखाच पिवळसर. माझी नक्कल मात्र शेजारीच रंग पालटत होती. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

कडेची कोरी पट्टीही बघा. पुष्कळ कागदांत उजळपणासाठी ब्राइटनर घातलेले असतात. ते अतिनील किरण घेऊन निळसर उजेड सोडतात. असा कागद खिडकीपाशी निळसर दिसतो आणि अतिनील जवळपास नसलेल्या एलईडीखाली मळकट. कोरी कडच रंग बदलत असेल, तर दोष शाईचा नाही, कागद बदला.

फिरत्या झाकेला प्रोफाइलने उतार पडत नाही. प्रोफाइल साधारण ५००० केल्विनच्या डी५० या एकाच प्रमाण उजेडासाठी हिशेब मांडतं. त्या उजेडात तोल साधेल, बाकीच्यांत तो पुन्हा ढळेल. उपाय शाईतच शोधावा लागतो : करड्या शाया असलेला प्रिंटर आणि त्याचा ब्लॅक अँड व्हाइट मोड. त्याहून पुढे जायचं तर रॉय हॅरिंग्टन यांचं क्वाडटोन रिप हे छपाईचं सॉफ्टवेअर आहे. कुठल्या छटेला कोणती शाई किती पडावी हे त्यात आपण ठरवतो. जॉन कोन यांच्या पिएझोग्राफी या शाई-पद्धतीत तर रंगीत शाया काढून सगळ्या कप्प्यांत काळ्याच्याच वेगवेगळ्या पायऱ्या भरतात. फक्त ब्लॅक अँड व्हाइटच काढणाऱ्याला ते परवडेल, घरच्या कामाला नाही.

आजोबांची प्रिंट शेवटी तीन काळ्या शाया असलेल्या एका मित्राच्या प्रिंटरवर काढली, छटा किंचित उबदार ठेवून. माजघरात सकाळी दारातून ऊन येतं आणि रात्री ट्यूब लागते, टोपीच्या चुण्या दोन्ही वेळी करड्याच दिसतात.

घरचा सहा शायांचा प्रिंटर मी टाकून दिलेला नाही. त्यावर ‘फक्त काळी शाई’ हा पर्याय मला मानवला नाही, कारण डाय प्रकारातली काळी सहसा कार्बनची नसते, तिलाही स्वतःची झाक असू शकते आणि ठिपके दिसतात ते वेगळेच. त्यापेक्षा मी त्यावर फोटो मुद्दाम हलका सेपिया करून काढतो. झाक तेव्हाही फिरतेच, पण तपकिरीतल्या तपकिरीत, आणि तिथे डोळा तिला सोडून देतो. शुद्ध करडाच हवा असेल, तर फोटो ज्या भिंतीवर लागणार आहे तिथल्याच उजेडात, रात्री लावणार असाल तर रात्रीच, पट्टी पाहून तोल साधतो.