आयुष्याच्या आर्थिक मूल्यातील प्रकाशन-पक्षपात

मृत्यूचा धोका थोडा वाढला तर माणसे किती जादा मजुरी मागतात, यावरून अर्थतज्ज्ञ ‘सांख्यिकीय आयुष्याचे मूल्य’ काढतात. अशा अभ्यासांपैकी मनाजोगे उत्तर देणारे छापले जातात, बाकीचे पडून राहतात आणि सरासरी फुगते. हाच प्रकाशन-पक्षपात.

१९६८ साली टॉमस शेलिंग यांनी मांडलेली ही कल्पना कोणा एकाच्या जिवाची किंमत ठरवत नाही. समजा, खानदेशातल्या जिनिंगमध्ये १०,००० कामगारांमागे वर्षाला एक मृत्यू होईल इतका जादा धोका आहे आणि त्यापोटी प्रत्येकाला वर्षाला ५०० रुपये जास्त मिळतात. मग एका मृत्यूमागे दहा हजार जणांचे मिळून हे मूल्य ५० लाख रुपये होते.

प्रत्यक्षात धोक्याची कामे बहुधा गरीब, हंगामी मजुरांच्याच वाट्याला येतात. त्यामुळे आकडेवारीत कधी धोका जास्त आणि मजुरी कमी असे दिसते, मूल्य शून्याखाली जाते. हे उत्तर अशक्य मानून संशोधक समीकरण बदलतो किंवा निबंध पाठवतच नाही. योगायोगाने अवाच्या सवा आलेल्या आकड्यावर मात्र कोणी शंका घेत नाही. रावेरहून दिल्लीला निघालेल्या निवडक केळीवरून साऱ्या बागेचा अंदाज बांधावा, तसे हे होते.

पक्षपात ओळखता येतो. लहान नमुन्यांचे अंदाज खऱ्या मूल्याच्या दोन्ही बाजूंना सारखे विखुरलेले असायला हवेत. खालची बाजू रिकामी दिसली की काहीतरी गाळले गेले आहे. डुकुलियागोस, स्टॅनली आणि जाइल्स यांनी २०१२ मध्ये मजुरीवर आधारलेल्या अभ्यासांत या पक्षपाताची दुरुस्ती केली, तेव्हा सरासरी ७० ते ८० टक्क्यांनी घसरली. अर्थतज्ज्ञ किप व्हिस्कुसी यांच्या मते कामावरच्या मृत्यूंची काटेकोर नोंद वापरणाऱ्या अमेरिकी अभ्यासांत हा दोष बराच कमी आहे. मात्र मास्टरमन यांच्यासह २०१७ मध्ये त्यांनीच दाखवले, की इतर देशांतले अंदाज अमेरिकी आकड्यांकडे ओढले जातात.

खानदेशाला हा मुद्दा थेट लागू होतो. चेन्नई, मुंबईच्या कारखान्यांतील कामगारांवर असे अभ्यास झाले आहेत; पण धुळे-जळगाव महामार्गावरची सुरक्षा किंवा दीपनगरच्या वीजकेंद्राचा धूर यांचा हिशेब मांडायचा तर परका आकडा इथल्या उत्पन्नाच्या प्रमाणात कमी करून वापरावा लागतो. मूळचा फुगवटा त्याबरोबर येतो. यावरून इथले जीव स्वस्त ठरवणे मात्र साफ चूक आहे, कारण कमी मजुरीत धोका पत्करण्यामागे नाइलाजही असतो. खरा उपाय स्थानिक नोंदींचा आहे. कायद्यानुसार कारखान्यातले अपघात कळवावे लागतात. कपाशीवर औषध फवारणारा शेतमजूर त्या नोंदीत येत नाही.