मिग-२५ आर (गरुड)

ध्वनीच्या पावणेतीनपटीहून थोड्या अधिक वेगापर्यंत जाणारे सोव्हिएत बनावटीचे टेहळणी विमान. भारतीय हवाई दलात ते १९८१ ते २००६ या काळात होते. बरेलीच्या १०२ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनकडे ही विमाने होती. हवाई दलाने विमानाला ‘गरुड’ म्हटले आणि स्क्वॉड्रनने स्वतःला ‘ट्रायसॉनिक्स’, म्हणजे ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाणारे. पैकी दुसऱ्या नावात थोडी अतिशयोक्ती आहे, कारण इंजिने जपायची तर मॅक २.८३ (ध्वनीच्या वेगाच्या २.८३ पट) ही मर्यादा होती.

भारताच्या या विमानांवर तोफ नव्हती, क्षेपणास्त्रही नव्हते. वेग आणि उंची हीच त्यांची ढाल. रडारवर ते स्पष्ट दिसे, लपायचा प्रयत्नच नसे. पण अडवायला निघालेले विमान २० किलोमीटर उंची गाठेपर्यंत गरुड छायाचित्रे घेऊन कधीच पुढे गेलेले असे. १९७१ मध्ये सोव्हिएत वैमानिक इजिप्तमधून तेव्हा इस्रायलच्या ताब्यात असलेल्या सिनाईवर ही विमाने नेत, तेव्हा इस्रायलच्या फँटम विमानांना हाच अनुभव आला.

या वेगाला हवेच्या घर्षणाने विमानाचे अंग इतके तापते की अॅल्युमिनियम टिकत नाही. टायटॅनियम टिकते, पण ते जोडणे अवघड. म्हणून मिग विमानांचा आराखडा करणाऱ्या मिकोयान-गुरेविच संस्थेने सांगाड्याचा बहुतांश भाग निकेलयुक्त पोलादाचा केला आणि वाढलेल्या वजनाला दोन प्रचंड इंजिनांनी उत्तर दिले. १९७६ मध्ये व्हिक्टर बेलेंको हा वैमानिक या जातीचे लढाऊ विमान घेऊन जपानमध्ये पळाला. ते उघडून पाहताना पोलाद आणि रडारमधले जुन्या पद्धतीचे व्हॅक्यूम ट्यूब बघून पाश्चात्त्य तज्ज्ञ चकित झाले. ओबडधोबड, पण चोख काम करणारे यंत्र होते ते.

मे १९९७ मध्ये इस्लामाबादच्या परिसरात सॉनिक बूमचा, म्हणजे ध्वनीहून वेगवान विमानामुळे होणाऱ्या स्फोटासारख्या आवाजाचा, दणका ऐकू आला आणि भारताचे मिग-२५ येऊन गेल्याच्या बातम्या झळकल्या. भारताने दुजोरा दिला नाही. टेहळणीच्या धंद्यात मौन हाही सरावाचाच भाग. १९९९ च्या कारगिल संघर्षातही ही विमाने वापरली गेली.

मग कार्टोसॅट-१ सारखे जमिनीची छायाचित्रे घेणारे उपग्रह आले, सुट्या भागांची चणचण जाणवू लागली आणि १ मे २००६ रोजी गरुड निवृत्त झाले. मात्र उपग्रहाने विमानाची जागा पूर्ण भरून काढली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. उपग्रह डोक्यावरून कधी जाणार हे आधी मोजता येते आणि तेवढा वेळ रणगाड्यांवर जाळी टाकता येते. गरुड मात्र न सांगता येई. अर्थात त्याची फिल्म खाली उतरल्यावर धुवावी लागे आणि तोवर खालचे चित्र बदललेले असू शके.

याच घराण्यातल्या एका सुधारित विमानाने ३१ ऑगस्ट १९७७ रोजी अलेक्सांद्र फेदोतोव यांच्या हाती ३७,६५० मीटर उंची गाठली. जमिनीवरून स्वतःच्या बळावर उडणाऱ्या जेट विमानांत तो विक्रम अजून अबाधित आहे.