इटलीतली जुनी हलकी मोटारसायकल: ऐतिहासिक नोंदीसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

मोरिनी 175, मोंदिआल, जिलेरा, मोतो गुत्सीची 65 सीसीची ‘गुत्सीनो’. युद्धानंतर इटलीत निघालेल्या या हलक्या गाड्या तिथे अजूनही विकत मिळतात. इंजिन सुरू करणं त्यातल्या त्यात सोपं, खरी अडचण कागदांची असते.

गाडीच्या निर्मितीला किमान 20 वर्षं झालेली हवीत आणि ती मूळ रूपात हवी. मोटारसायकलींना ऐतिहासिक महत्त्वाचं प्रमाणपत्र मुख्यतः दोन संस्था देतात: इटालियन मोटारसायकल महासंघ, म्हणजे एफएमआय, आणि आसी, म्हणजे जुन्या गाड्यांच्या क्लबांचा महासंघ. आसीकडे अर्ज संलग्न क्लबमार्फत होतो आणि एफएमआयकडेही सभासद असावं लागतं, म्हणून चालू वर्षाचं सभासदत्व आधी घ्या.

अर्जासोबत लिब्रेत्तोची, म्हणजे तिथल्या आरसी बुकाची प्रत, ओळखपत्र, कोदिचे फिस्काले हा कर-क्रमांक आणि फोटो लागतात. फोटोंत पूर्ण गाडी दोन्ही बाजूंनी हवी, मागे साधी भिंत असली की बरं. फ्रेमवर आणि इंजिनावर ठोकलेले नंबर जवळून घ्या.

घोळ बहुतेक वेळा फ्रेमच्या नंबरातच होतो. पावडर कोटिंगचा थर जाड असतो, उथळ ठोकलेले आकडे त्यात बुजून जातात. मग कुणीतरी ग्राइंडर फिरवतो आणि आकडेच उडतात. त्याऐवजी पेंट रिमूव्हर लावा, मऊ पितळी ब्रशने घासा, खाचांत खडू चोळा आणि टॉर्च तिरपा धरून फोटो काढा. नंबर लिब्रेत्तोशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे.

दुसरी अडचण सुट्या भागांची. 1950च्या दशकातल्या गाडीवर देल्लोर्तोचा पीएचबीजी कार्बुरेटर दिसला की जाणकार लगेच ओळखतो, तो बऱ्याच नंतरचा आहे. सायलेन्सर, चेव्हचा हेडलाइट आणि वेलियाचा स्पीडोमीटर त्या-त्या मॉडेलचेच हवेत. जुना उडालेला रंग खपतो, चुकीची टाकी खपत नाही. आमच्या मते झळाळत्या नव्या क्रोमपेक्षा झिजलेला मूळ भाग केव्हाही चांगला.

गाडीची नोंद थकलेल्या करामुळे सरकारनेच रद्द केली असेल, तर मागच्या तीन वर्षांचा बोल्लो, म्हणजे वाहनकर, 50 टक्के जादा भरून मूळ नंबर प्लेटसह पुन्हा नोंद होऊ शकते. कागदच नसलेल्या गाडीला मात्र प्रमाणपत्राखेरीज गॅरेजचा दुरुस्तीचा दाखला आणि मोतोरिझ्झात्सिओने या वाहन कार्यालयात तांत्रिक तपासणी लागते. 50 सीसीच्या आतल्या मोपेड मालकी-नोंदवहीत नसतातच, तेव्हा विक्रीचा कागद जपून ठेवा.

प्रमाणपत्र मिळालं की त्याची नोंद लिब्रेत्तोवर करून घ्या. 20 ते 29 वर्षांच्या गाडीला करात 50 टक्के सवलत या नोंदीवरच मिळते. तिशी ओलांडलेल्या गाडीला बोल्लो आपोआप माफ होतो. रस्त्यावर काढलीत तरच वर्षाला ठरावीक रक्कम भरायची: मूळ दर 10.33 युरो, काही प्रांतांत जास्त.

तांत्रिक तपासणी दर दोन वर्षांनी होते. 1 जानेवारी 1960 पूर्वीची गाडी खासगी केंद्रात चालत नाही, ती मोतोरिझ्झात्सिओनेतच न्यावी लागते. जाण्याआधी हॉर्न, ब्रेक-लाइट आणि दोन्ही ब्रेक पाहून घ्या. सहा व्होल्टच्या गाड्यांत अर्थिंग गंजलेलं असलं की हॉर्न नुसता घरघरतो. फ्रेमवरचा रंग खरवडून अर्थिंगची वायर घट्ट बसवली की बहुधा काम होतं.