निलगिरीचं रोप आणि मुळांवरची गाठ

वडोदऱ्याच्या आसपास शेती असणाऱ्याला ‘गंठवा’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. वांगं, भेंडी, टोमॅटो, तंबाखू, काहीही उपटलं आणि मुळं गाठाळलेली निघाली की पादरा असो की पेटलाद, तोंडी हाच शब्द येतो. शास्त्रात ही गाठ करणाऱ्या किड्याला मेलॉइडोगायनी म्हणतात, मराठीत मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे मातीतला धाग्यासारखा सूक्ष्म कृमी. मात्र हीच गाठ निलगिरीच्या रोपालाही होते असं म्हटलं, तर मुरलेले शेतकरीसुद्धा चमकतात. निलगिरीबद्दल आपण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं भांडतो आहोत ते पाण्यावरून: झाड भूजल ओढतं का, जमीन नासवतं का. रोपवाटिकेत असताना त्याच्या मुळांचं काय होतं, हे त्या गदारोळात बाजूलाच राहिलं. या सूत्रकृमीची हकिकत मुळापासून वाचली की मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हा जीव स्वतःहून वर्षभरात मीटरभरही जेमतेम सरकतो. त्याला लांबचा प्रवास घडवतो तो माणूस, आणि बहुतेक वेळा रोपाला चिकटलेल्या मातीतून.

आधी त्याचं काम कसं चालतं ते पाहू. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू साधारण अर्धा मिलिमीटर लांब असतं, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. ते मुळाच्या कोवळ्या टोकाजवळून आत शिरतं, पेशींच्या फटींतून सरकत अन्न-पाणी वाहणाऱ्या नळ्यांपाशी पोचतं आणि तिथल्या मोजक्या पेशींमध्ये स्वतःचा स्राव सोडतं. त्या पेशींतलं केंद्रक पुन्हा पुन्हा विभागतं, पेशी मात्र विभागत नाही. ती फुगत जाते. अशा महाकाय पेशींवर मादी जन्मभर पोसली जाते. आजूबाजूच्या पेशीही वाढतात आणि बाहेरून आपल्याला गाठ दिसते. मादी नासपतीसारखी फुगते, जागची हलत नाही आणि चिकट आवरणात तीनशे-चारशे, कधी त्याहून जास्त अंडी घालते. नेहमीच्या उपद्रवी जातींत यासाठी नराची गरजही लागत नाही. माती पंचवीस-तीस अंश तापलेली असेल तर हे सगळं चक्र महिन्याभरात पुरं होतं. आपल्याकडे वर्षातला बराच काळ माती तेवढी ऊबदार असते. रोप चार-सहा महिने पिशवीत राहिलं, तर त्या पिशवीतच किड्याच्या अनेक पिढ्या निघतात.

या गाठींची पहिली नोंद इंग्लंडमधली. १८५५ मध्ये माइल्स बर्कली या पाद्री-वनस्पतिशास्त्रज्ञाने काचघरातल्या काकडीच्या मुळांवर त्या पाहिल्या. १८८७ मध्ये ब्राझीलमध्ये कॉफीच्या मळ्यांवर संकट आलं असताना एमिल गोल्डी या स्विस संशोधकाने त्या किड्याला मेलॉइडोगायनी हे नाव दिलं. ते नाव पुढं बासनात गेलं आणि जगभरच्या सगळ्या गाठी एकाच जातीच्या नावावर जमा होऊ लागल्या. मधल्या काळातला एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९१९ मध्ये कोफॉइड आणि व्हाइट यांना अमेरिकी सैनिकांच्या विष्ठेत अनोळखी अंडी सापडली. माणसाच्या पोटातला नवा जंत म्हणून त्यांनी त्याला ‘इन्कॉग्निटा’ असं नाव दिलं. १९२३ मध्ये सँडग्राउंडने दाखवून दिलं की ती अंडी झाडाच्या मुळांवरच्या सूत्रकृमीची होती. सैनिकांनी गाठाळलेल्या कंदभाज्या खाल्ल्या होत्या आणि अंडी पोटातून तशीच बाहेर पडली होती. आज आपल्या भाजीच्या वाफ्यांत सर्वांत जास्त आढळणारी जात हीच, मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटा.

हा गोंधळ निस्तरला १९४९ मध्ये. बेंजामिन चिटवुडने गोल्डीचं जुनं नाव परत आणलं आणि एका नावाखाली दडलेल्या इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनारिया, हाप्ला अशा जाती वेगळ्या केल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा टप्पा फार मोठा आहे. एखादं झाड गाठींना दाद देतं की नाही, याचं उत्तर कोणती जात आहे यावर ठरतं. त्यामुळे १९४९ च्या आधी कुठे ‘अमुक झाडाला हा रोग होतो’ किंवा ‘होत नाही’ असं लिहिलेलं असेल, तर त्यावरून रोपवाटिकेचे निर्णय घेता येत नाहीत. निलगिरीच्या बाबतीत तर नाहीच, कारण निलगिरी हे एक झाड नव्हे. सातशेच्या वर जातींची ती प्रजाती आहे, आणि या जाती गाठींना सारख्या बळी पडत नाहीत.

भारतात या किड्याची पहिली नोंद १९०१ ची. मद्रास सरकारचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. ए. बार्बर यांनी निलगिरी डोंगरातल्या ‘देवाला’ नावाच्या भागात चहाच्या मुळांवर तो पाहिला. आपल्या देशात झाडांवरच्या कोणत्याही सूत्रकृमीची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. १९०६ मध्ये बटलर यांनी केरळाकडच्या काळ्या मिरीवर तो नोंदवला. ऑस्ट्रेलियातून आलेलं निलगिरीचं झाडही याच निलगिरी डोंगरांत रुजलं होतं. सुमारे १७९० मध्ये टिपू सुलतानाने नंदी टेकडीवर त्याच्या काही जाती लावल्याचं सांगतात, पण जळणासाठी लागवड सुरू झाली ती १८४३ पासून निलगिरीत, आणि १८५६ पासून ती नीट आखून होऊ लागली. तरी झाड आणि किडा यांची गाठ त्या डोंगरात कुणाच्या डोळ्यांत भरली नाही. मोठं झालेलं झाड सहसा निभावून नेतं. मार खातं ते रोप, आणि रोपांकडे पाहायला त्या काळी कुणाला फारशी सवड नव्हती.

आपल्या भागात मात्र रोपांकडे पाहणारे लोक होते. चरोतरची, म्हणजे आणंद-खेडा पट्ट्यातली, गोराडू माती हलकी, वाळूसर. तंबाखूला उत्तम आणि दुर्दैवाने या किड्यालाही तितकीच मानवणारी, कारण भुसभुशीत मातीतल्या फटींतून पिल्लांना सहज फिरता येतं. गायकवाडीतला पेटलाद तालुका तंबाखूसाठीच प्रसिद्ध. तिथले शेतकरी वाफ्यांवर बाजरीचं भुसकट, पाचोळा पसरून पेटवायचे, मग तंबाखूचं बी फेकायचे. कोकणातला शेतकरी भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, त्याच जातीचं हे काम. ठाणे जिल्ह्यातल्या राबावरून ब्रिटिश काळात जंगल खात्याशी मोठा झगडा झाला होता. १८८५ ते ८७ च्या मुंबई वन आयोगापुढे तो विषय आला. राबाने तण जळतं, राख मिळते, रोप जोमदार येतं, एवढं शेतकऱ्याला ठाऊक होतं. वरच्या थरातली सूत्रकृमीची पिल्लं आणि अंडीही त्या धगीत मरतात, हे प्रयोगांतून पुढं कळलं. आणंदला बिडी तंबाखू संशोधन केंद्र १९४७ मध्ये उभं राहिलं आणि त्यानंतरच्या दशकांत तंबाखूच्या गंठव्यावर इथे झालेलं काम मला फार मोलाचं वाटतं. शेतकऱ्याच्या जुन्या युक्तीकडे अडाणीपणा म्हणून न बघता तिचं मोजमाप करणारी माणसं तिथे होती.

मग आलं सामाजिक वनीकरण. गुजरातने १९६९-७० मध्ये त्यासाठी वनखात्याची वेगळी शाखा काढली, रस्त्याकडेला आणि कालव्याकडेला झाडं लावली. १९८० च्या सुमारास जागतिक बँकेचा पैसा आला आणि रोपांचं वाटप वर्षाला कोटींच्या घरात गेलं. शेतकऱ्याने त्यातून निलगिरी उचलली. बल्ल्यांना, म्हणजे बांधकामाच्या सरळ वाशांना, भाव होता, मजूर कमी लागत, गुरं पानांना तोंड लावत नाहीत. कापूस आणि तंबाखूची शेतं निलगिरीखाली गेली. इतकी रोपं सरकारी वाटिकांतून निघणं शक्य नव्हतं, म्हणून शेतकऱ्यांच्या, शाळांच्या छोट्या वाटिका उभ्या राहिल्या. हेतू चांगला होता. पण पिशवीत भरायची माती यायची कुठून? जवळच्या शेतातून. ज्या शेतात आदल्या हंगामात वांगी किंवा तंबाखू होती, तिथली गोराडू माती, वाळू आणि शेणखत कालवून पिशव्या भरल्या गेल्या. किड्याचा पाळणाघरातच प्रवेश झाला. १९८५ नंतर बल्ल्यांचे भाव पडले, कित्येकांनी निलगिरी खोदून काढून पुन्हा भाजीपाला घेतला. त्या मुळांतून जी अंडी जमिनीत राहिली असतील, त्यांचा हिशोब कुणी ठेवला नाही.

रोपावर परिणाम काय होतो? वरून पाहणाऱ्याला वाटतं की खत कमी पडलं. पानं फिकट, वाढ खुंटलेली, दुपारी पाणी असूनही मान टाकलेली, एकाच ओळीत काही रोपं कंबरभर तर काही वीतभर. आत मुळांत गाठींमुळे पाणी वाहणाऱ्या नळ्या वेड्यावाकड्या झालेल्या असतात, बारीक तंतुमुळं कमी झालेली असतात, आणि पानांनी बनवलेलं अन्न वाढीला न जाता गाठींकडे ओढलं जातं. त्या जखमांतून मातीतल्या बुरशांनाही वाट मिळते. असं रोप पावसाळ्यात लावलं तर जगतं. खरी परीक्षा दिवाळीनंतर, जमीन सुकू लागते तेव्हा. खोल जाऊन पाणी शोधणं हीच निलगिरीची ताकद, आणि नेमकी तीच पांगळी झालेली असते. इथे एक गैरसमज टाळायला हवा. निलगिरीच्या बऱ्याच जातींत रोपाच्या खोडाच्या बुडाशी, मुळाच्या वरच्या अंगाला, एक लाकडी फुगवटा येतो. तो रोग नाही. आग लागली किंवा झाड तुटलं तर त्यातून नवे फुटवे निघतात. किड्याची गाठ मुळांवर असते, बहुधा बारीक मुळांवर. २००० नंतर दक्षिणेतून पसरलेल्या निलगिरीच्या गांधीलमाशीने पानांच्या देठांवर आणि शिरांवर गाठी आणल्या, त्या आणखी वेगळ्या. त्या माशीची धास्ती इतकी होती की वाटिकांत सगळ्यांच्या नजरा पानांवरच खिळल्या.

उपायांचा इतिहास विषापासून सुरू होतो. १९४३ मध्ये हवाईतल्या अननसाच्या शेतांत डब्ल्यू. कार्टर यांनी मातीत सोडायचं डी-डी हे रासायनिक मिश्रण वापरून दाखवलं आणि सूत्रकृमीमुळे नेमकं किती नुकसान होत होतं ते शेतकऱ्याला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. १९५५ च्या सुमारास डीबीसीपी हे दुसरं रसायन आलं, आपल्याकडे नेमागॉन म्हणून ओळखलं गेलेलं. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांना वंध्यत्व आल्याचं उघड झालं. भारतात त्यावर १९८९ मध्ये बंदी आली. वाफे धुरी देऊन शुद्ध करणारा मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक ठरला. मॉन्ट्रियल कराराखाली श्रीमंत देशांनी त्याचा शेतीतला वापर २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत थांबवायचा ठरला.

म्हणून मला १९७६ हे वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी इस्रायलमध्ये याकोव काटान आणि सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून नुसत्या उन्हाने मातीतले रोगजंतू मारण्याची पद्धत मांडली. चरोतरात ती अगदी बसली, कारण इथे वैशाखातलं ऊन फुकट आहे. तंबाखूच्या वाफ्यांसाठी पंचवीस मायक्रॉन जाडीचं पारदर्शक प्लॅस्टिक पंधरा दिवस, कडा मातीत गच्च दाबून, अशी शिफारस आणंदच्या कामातून निघाली. ज्या वाटिकेत मे महिन्यात पिशव्या भरतात, तिथे पिशवी भरण्याआधी तीच माती वीतभर थरात पसरून असं तापवायला काहीच अडचण नाही. निलगिरीसाठी हे का रुजलं नाही, याचं मला वाईट वाटतं. दुसरी वाट रूट ट्रेनरची, म्हणजे पिशवीऐवजी रोप वाढवायच्या साच्यांची. कलमी निलगिरी तेव्हाच्या आंध्रातल्या भद्राचलमकडे १९८९ पासून वाढू लागली, तिच्यासोबत माती नसलेलं माध्यम, जमिनीपासून उंच मांडलेले साचे आणि खालून हवेने छाटली जाणारी मुळं आली. किड्याला शिरायला जागाच उरली नाही. पण कलमात एक धोका आहे: सगळी रोपं एकाच मातृवृक्षाची असतात, तो वृक्ष गाठींना बळी पडणारा निघाला तर सगळा प्लॉटच तसा.

आता लक्ष ठेवायचं ते पेरूवर. पेरू आणि निलगिरी एकाच कुळातली. १९८३ मध्ये चीनमधल्या हायनान बेटावर वर्णन झालेली मेलॉइडोगायनी एन्टेरोलोबी ही जात पेरूच्या बागा अक्षरशः वाळवते. फ्युजेरियम बुरशीची जोड मिळाली की झाड वाचत नाही. भारतात पेरूवर तिची नोंद २०१६ मध्ये तामिळनाडूतून झाली. ज्या वाटिका एकाच शेडखाली, एकाच ढिगाच्या मातीत पेरू, डाळिंब आणि निलगिरी वाढवतात, त्यांच्याकडून रोपं घेताना गाडी भरण्यापूर्वी दोन-चार पिशव्या फाडाव्यात, मुळं बादलीत हलक्या हाताने धुवावीत आणि बारीक मुळं उजेडाला धरून पाहावीत. एकाही मुळावर गाठ दिसली तर अख्खा लॉट परत करावा, त्यातली बरी दिसणारी रोपंही घेऊ नयेत. फाडलेल्या पिशव्यांतली माती वाटिकेच्या ढिगात परत टाकू देऊ नये.