सुरक्षारक्षक, खासगी : अधिकारमर्यादा

मोबदला घेऊन व्यक्तीची वा मालमत्तेची राखण करणारी, लोकसेवक (पोलिसांसारखा सरकारी अधिकारी वा कर्मचारी) नसलेली व्यक्ती. भारतात ‘खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, 2005’ची व्याख्याच लोकसेवकाला वगळते, रक्षकाच्या मर्यादा तिथूनच सुरू होतात. हा अधिनियम परवाना, प्रशिक्षण व ओळखपत्र यांविषयी बोलतो, अटकेचा किंवा झडतीचा वेगळा अधिकार देत नाही. लष्कराचा वा पोलिसांचा, अथवा तसा भासणारा गणवेश घातल्यास मात्र रक्षकाबरोबर एजन्सीचा मालकही शिक्षेस पात्र ठरतो (कलम 21). महाराष्ट्राचा 1981 चा कायदा रक्षकांची नोकरी व कल्याण यांपुरता आहे.

या पेशाचे मूळ कधी गावगाड्यातील जागल्यात शोधले जाते. पण जागल्या गावाचा नोकर होता. पुण्यात घरमालक पहाऱ्याला रामोशी ठेवीत, ती रीत आजच्या रखवालीला अधिक जवळची वाटते. सामान्य माणसाने गुन्हेगाराला पकडण्याच्या अधिकाराचा उगम बहुधा इंग्लंडच्या 1285 च्या विंचेस्टर कायद्याशी जोडतात; त्यामागची रूढी त्याहून जुनी असावी.

रक्षकाला अटक करता येते ती याच सामान्य अधिकाराने : गुन्हा दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) असा दोन्ही हवा, तोही त्याच्यासमोर घडलेला (उद्घोषित, म्हणजे न्यायालयाने फरारी जाहीर केलेल्या, अपराध्याची गोष्ट वेगळी). 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत (कलम 59) ‘दृष्टीसमोर’ या अर्थाचा शब्द होता. 1973 च्या संहितेत (कलम 43) ‘उपस्थितीत’ आला. नवा शब्द व्यापक मानला, तर सीसीटीव्हीच्या पडद्यावर दिसलेली चोरी त्यात बसते का, असा प्रश्न उभा राहतो. शब्दाचा अर्थ संकुचित घेणेच रक्षकाच्या हिताचे दिसते. अधिकार नसताना कोणाला खोलीत बसवून ठेवले, तर डांबून ठेवल्याचा गुन्हा त्याच्यावरच येतो. पकडलेल्याला ‘विनाविलंब’ पोलिसांकडे सोपवावे, ही जुनी अट होती; 1973 च्या संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (कलम 40) तिला 6 तासांची हद्द घातली : तेवढ्यात इसम पोलिसांच्या हवाली झाला पाहिजे.

भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेमुळे किरकोळ चोऱ्यांबाबतचे चित्र बरेच बदलले, तरी त्याची चर्चा फारशी होत नाही. 5,000 रुपयांहून कमी किमतीच्या मालाची साधी चोरी आता अदखलपात्र व जामीनपात्र आहे. म्हणजे अशा साध्या चोरीसाठी रक्षक अटक करू शकत नाही. सोसायटीच्या आवारात नुसते घुसणे दखलपात्र असले तरी जामीनपात्र, त्यामुळे तिथेही तेच.

झडती संमतीनेच. नकार देणाऱ्याला मालकाच्या वतीने प्रवेश नाकारता येतो, एवढेच. खासगी व्यक्तीने अटक केल्यावरही अंगझडती घेण्याचा अधिकार ताबा घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा असतो. बळाचा वापर खासगी बचावाच्या (शरीर वा मालमत्ता वाचवण्याच्या) हक्कापुरता, आवश्यक तेवढाच. पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर तो हक्क उरत नाही.

केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल या सरकारी दलाच्या जवानाला 1968 च्या अधिनियमाने वॉरंटविना अटकेचा अधिकार दिला आहे. मॉलच्या रक्षकाशी त्याची गल्लत करू नये. रक्षकाला मारहाण झाली, तर लोकसेवकावरील हल्ल्याचे कलमही लागत नाही.